आलं का गं?

जेवण झालंय, भांडी तशीच पडलीयत, आणि मी टीव्हीसमोरच्या दिवाणावर आडवी झालेय. जरा पाठ टेकावी म्हणून. झोपायचं नाहीय मला, दुपारी झोपलं की डोकं जड होतं. पण डोळे कुठे ऐकतात? पंख्याची घरघर लांब जातेय, कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी होतेय, आणि त्या दोन्हींच्या मधून कुणीतरी विचारतं, "सुलू, ती लाल वायर कुठे ठेवलीस?"

हे उभे आहेत. आमचे हे, विद्याधर. घेतलं बघा नाव! जाऊन दोन वर्षं झाली, आता कोण काय म्हणणार? अंगात तोच भोकं पडलेला बनियन, खांद्यावर गाडीत असते तसली जडशीळ बॅटरी.

"मी कशाला ठेवू तुमच्या वायरा?" मी म्हणते. रडू यायला हवं, तर येतो राग. "आणि ती बॅटरी आधी खाली ठेवा. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"अगं, एकीनं तबकडी हलत नाही. बारा-बाराच्या तीन एकापुढे एक जोडल्या की छत्तीस व्होल्ट होतात. तेव्हा कुठे मोटार उठते."

तबकडी म्हणजे आमच्या गच्चीवरची डिश. एवढी मोठी की तिच्यात कुरडया वाळत घालाव्यात. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाल्यावर यांनी ती कुठूनशी आणली. आधी हे वर जाऊन हातानं ढकलायचे आणि मी खाली टीव्हीपाशी. "आलं का गं?" "नाही!" "आता?" "गेलं, गेलं, मागे घ्या!" मग यांच्या छातीचं दुखणं निघालं, म्हणून मोटार बसवली. खालून बटण दाबलं की वर तबकडी फिरायची. ओरडणं संपलं. हे माझ्या शेजारी बसून कुठल्या कुठल्या देशांचं हवामान बघायचे. भाषा ओ की ठो कळायची नाही. "त्यांच्याकडे पाऊस आहे बघ," म्हणायचे, आणि त्यावरच खूश.

आम्ही जिना चढतोय. जिना संपतो तो टेलिफोन ऑफिसात. टेबलं, टेबलांवर फोन, माणूस एकही नाही, आणि मधोमध आमची तबकडी. तिच्याखाली मांडी घालून हे वायरा सोलतायत, तेही दातांनी.

"दातांनी नका हो!"

"लाल इकडे, काळी तिकडे, की पूर्वेला जाते. उलट जोडल्या की पश्चिमेला. त्या डबड्याची गरजच काय?"

डबडं म्हणजे मोटारीला वीज देणारा, टीव्हीखालचा डबा. तो जळला होता त्या दिवशी. दुसरा येईपर्यंत थांबावं की नाही माणसानं? छे! बॅटऱ्या वर वाहून नेल्या, एकेक करून, मला कळू न देता. मग वरून हाक आली, "आलं का गं?" पडद्यावर चित्र उमटलं होतं. मी ओरडले, "आलं!" वरून काहीच नाही. मी धावत वर गेले, तर हे तबकडीच्या सावलीत टेकून बसलेले, आणि गेलेले.

तेव्हापासून एकच किडा डोकं पोखरतोय. माझं 'आलं' यांच्या कानावर पडलं का? मोटार आल्यापासून ओरडायची सवयच मोडली होती माझी. आवाज नीट फुटला की चिरकला, देव जाणे. माणूस विचारून वाट बघत बसला आणि तसाच गेला, असं झालं का? डॉक्टर म्हणाले, एका क्षणात गेले असतील. पण कुठल्या क्षणात, ते कोण सांगणार?

"अहो," मी म्हणते, "त्या दिवशी..."

"काय दिसत होतं गं?" हे मध्येच विचारतात, मान वर न करता.

"एक बाई होती. डोक्याला रुमाल बांधलेली. भट्टीतून भाकरी काढत होती, भली मोठी."

"चांगली भाजली होती?"

"मला काय माहीत! मी जिन्यात होते तेव्हा." आता मात्र रडू येतं. "तुम्हाला ऐकू आलं होतं का, तेवढं सांगा. बाकी मला काही नको."

हे हसतात आणि वायरा जोडतात. मोटार घुमायला लागते. तबकडी वळते, तिच्याबरोबर टेबलं, फोन, भिंती, सगळंच वळतं. ऑफिस नाहीच, आमचं घर आहे. मी खाली टीव्हीपाशी, हे वर, आणि मध्ये अख्खा स्लॅब. दिसत नाहीत, नुसता आवाज येतो.

"आलं का गं?"

मी ओरडते. छाती फुटेस्तोवर ओरडते. "आलं! अहो, आलं! आलं!"

जागी होते तेव्हा दार धडाधडा वाजतंय. उघडते, तर शेजारची रोहिणी, ओल्या हातांनी, धापा टाकत.

"काकू! काय झालं? केवढ्यानं ओरडलात!"

स्वप्न पडलं गं, असं म्हणायला तोंड उघडते, तर आवाजच नाही. घसा पार बसलाय, नुसती हवा येतेय.

"मी आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते," रोहिणी म्हणते. "तिथं वर अगदी स्पष्ट ऐकू आलं मला. आलं, आलं म्हणून."

मी तिचा ओला हात घट्ट धरते. पुन्हा एकदा विचारायचंय तिला, खरंच वर ऐकू आलं? पण शब्द फुटत नाही, नुसतं रडू फुटतं.