शेवटचं कोण?

कामाग्वेइ शहरात एवेलियो केसादाला न्हावी म्हणून ओळखणारे थोडे, रांगेतला वस्ताद म्हणून ओळखणारे फार. गिऱ्हाइकाच्या एका गालाला साबण फासायचा आणि 'आलोच हं' म्हणून कोपऱ्यावर पावाच्या रांगेत नंबर लावून यायचं, हा त्याचा जुना शिरस्ता. रांग दिसली की त्याच्या तळपायांना खाज सुटे. रांग कशाची हे मागाहून, आधी विचारायचं, "शेवटचं कोण?" कुणीतरी हात वर केला की आपण त्याच्या मागचे. मग तिथं ताटकळायलाच हवं असं नाही, खुशाल घरी जाऊन जेवून यावं. माणूस कुठेही असो, नंबर जागेवर असतो.

अशा नवऱ्याला घेऊन नेरेइदा हवाना बघायला आली होती. लग्नाला चौतीस वर्षं झालेली, आणि राजधानीत दोघांचा हा पहिलाच दिवस. दिवस तिनेच निवडला होता: सोळा नोव्हेंबर, शहराचा वाढदिवस. जुन्या चौकातल्या पांढऱ्या सावरीला त्या दिवशी तीन फेऱ्या घालायच्या, तोंडातून अवाक्षर न काढता, आणि मनातलं मागायचं. त्यांची लेक यामिसेल आठव्या महिन्यात होती. तिची आधीची दोन पोटातच गेलेली. बसमध्ये नेरेइदाने तो विषय काढला नाही. एवढंच म्हणाली, "मला दुसरं काही नको. ते झाड तेवढं."

चौकात पोचले तर रांग पार पलीकडच्या गल्लीत वळलेली. एवेलियोचा चेहरा उजळला.

"शेवटचं कोण?"

"मी," डोक्याला पिवळा रुमाल बांधलेली एक बाई म्हणाली.

"तुमच्या मागे आम्ही. चल नेरेइदा, झालं काम. आता शहर बघू."

"मी इथेच थांबते."

"तीन तास? अगं, आपण पिवळ्या रुमालाच्या मागे. आजवर माझा नंबर कधी गेलाय?"

"बरं. पण फिरायचं हं एवेलियो. एकाही रांगेत शिरायचं नाही."

"शप्पथ."

शप्पथ दोन गल्ल्या टिकली. तिसरीत पिझ्झाची रांग होती. "नुसतं विचारून येतो," म्हणत तो गेला आणि नंबर लावून आला. चर्चच्या पायऱ्यांवर नेरेइदा मान वर करून घंटा बघत होती, तेवढ्यात त्याने आइस्क्रीमवाल्याकडे दुसरा नंबर लावला. त्यापुढे एक मोठी रांग लागली. कशाची ते मागच्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

"एवढी लांब आहे म्हणजे काहीतरी चांगलंच असणार," पुढचा गृहस्थ म्हणाला. एवेलियोला हे शंभर टक्के पटलं. चाळीस मिनिटांनी कळलं, दाताच्या दवाखान्याची होती.

"काढून घे आता एक," नेरेइदा म्हणाली. "एवढा उभा राहिलास तर रिकाम्या हाताने कशाला जातोस? सकाळपासून मी या शहराच्या नुसत्या पाठी बघतेय."

मग तीच झाडाकडे चालू लागली. तो मागून येत होता, पण पिझ्झाची रांग किती सरकली म्हणून दर दहा पावलांनी मागे बघत होता.

रांगेत पिवळा रुमाल नव्हता.

एवेलियोने रांग खालून वर पाहिली, वरून खाली पाहिली. हिरवे, लाल, ठिपक्यांचे रुमाल. पिवळा कुठेच नाही. हातात फुलं घेतलेल्या एका आजीबाईंनी त्याची घालमेल ओळखली.

"कुणाच्या मागे होतास रे बाबा?"

"पिवळ्या रुमालाच्या."

"ती गेली केव्हाच. पण ती कुणाच्या मागे होती?"

ते एवेलियोने विचारलंच नव्हतं. शेवटच्याच्या पुढे कोण, हे विचारून ठेवायचं असतं, म्हणजे शेवटचा पळाला तरी आपला धागा तुटत नाही. गल्लीतल्या पोरांना चालायला लागल्या लागल्या हे त्यानेच शिकवलं होतं.

"कुठले तुम्ही?" आजीबाईंनी विचारलं.

"कामाग्वेइ."

"तिकडे शिकवत नाहीत वाटतं हे."

तो धावत सुटला. पिवळा रुमाल सापडला आइस्क्रीमच्या रांगेत, त्याच्याच नंबरच्या तीन माणसं पुढे.

"अहो काका, पाय दुखले, सोडला मी तो नंबर," बाई म्हणाली. "माझ्या पुढे? कुणीतरी गिटारवाला होता बाई. की तो सरबताच्या रांगेत?"

आइस्क्रीम चार माणसांवर आलं होतं. एवेलियोने एकदा बर्फाच्या पेटीकडे पाहिलं आणि उलट पावली पळाला.

नेरेइदा रांगेच्या शेपटाला उभी होती. रडत नव्हती, हेच त्याला जास्त लागलं.

"बोल काहीतरी. शिव्या दे."

"उभा राहा," ती म्हणाली.

तो उभा राहिला. एक पाय, दुसरा पाय. खिशातला कंगवा काढला, ठेवला, पुन्हा काढला. पलीकडच्या गल्लीत कुणीतरी ओरडलं, "अंडी आली, अंडी!" आणि निम्मी रांग 'आम्ही इथे आहोत हं' म्हणत तिकडे पळाली. एवेलियोच्या टाचा उचलल्या गेल्या. त्याने नेरेइदाच्या पर्सचा पट्टा मुठीत धरला आणि टाचा खाली टेकवल्या.

ऊन उतरलं तेव्हा फाटकावरचा पहारेकरी मोजत मोजत आला आणि एवेलियोच्या पाठीमागे हात आडवा धरून म्हणाला, "इथपर्यंतच. बाकी पुढच्या वर्षी."

लगेच मागून कुणीतरी धापा टाकत विचारलं, "शेवटचं कोण?"

"मी," एवेलियो म्हणाला.

झाडाभोवती निळ्या झग्यातली नेरेइदा पुढे आणि तो मागे. बुंध्यावर तळवा टेकून दोघांनी तीन फेऱ्या घातल्या. गिऱ्हाईक झोपलं तरी बोलत राहणारा हा न्हावी तिसऱ्या फेरीअखेर लालबुंद झाला होता, पण त्याच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही.

फाटकाबाहेर आल्यावर नेरेइदाने हाताच्या पाठीने डोळे पुसले.

"तू काय मागितलंस?"

"मी कशाला मागू? झाडाला मनातल्या मनात सांगितलं, मी या निळ्या झग्यातल्या बाईंच्या मागे आहे. त्यांचं झालं की माझं झालं."

नेरेइदाने त्याचा दंड धरला, घट्ट. "चल. आता तुझ्या त्या पिझ्झाचं बघू. कुणाच्या मागे होतास?"

एवेलियो थांबला. त्याला आठवेना.