रामटेके सर: तिघं एकाच मोटरसायकलवर

आमच्या पवनीच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दोन गोष्टींचा कधी तुटवडा पडत नाही. डास आणि रामटेके सरांचे किस्से! डासांसाठी निदान कॉइल तरी लावता येते. किस्सा मात्र एकाने सुरू केला की दुसरा म्हणतो, "हे तं काहीच नाही, मी सांगतो ते ऐका," आणि पिरियडची बेल केव्हा होऊन गेली ते कोणालाच कळत नाही. मी अर्थशास्त्र शिकवतो, म्हणजे मागणी-पुरवठ्याचं थोडंफार मलाही समजतं. पण या मालाचा पुरवठा कायम मागणीच्या पुढेच! कारण साधं आहे. इतरांचे किस्से एका माणसाचे असतात, सरांचे तिघांचे असतात.

सर सकाळी मुलींच्या कबड्डी टीमचे कोच. दुपारी बॉटनीचे प्राध्यापक. संध्याकाळी गावाबाहेरच्या स्वतःच्या नर्सरीत मातीत बसून आंब्याची कलमं बांधणारे. मूळचे सानगडीकडचे. तरुणपणी कबड्डी गाजवली, मग गुडघा गेला. घरात बसून नुसती चिडचिड करायला लागले, तेव्हा आईने वैतागून मामाच्या बागेत झाडांना पाणी द्यायला पाठवलं. तिथे कलम बांधायला शिकले. दोन झाडं एकमेकांना धरून जगतात कशी, हे मामाला सांगता येईना म्हणून कॉलेजात नाव घातलं, आणि ते कळेपर्यंत पीएचडी होऊन बसली. लोक करिअर बदलतात. या माणसाने एकही सोडलं नाही!

*

एकदा नाकाडोंगरीहून एक गृहस्थ आंब्याची कलमं न्यायला आले. बसमधून उतरून पानठेल्यावर विचारलं, "रामटेके कुठी राहतेत जी?"

पानठेलेवाला म्हणाला, "कोणते? कबड्डीवाले, कलमवाले का कॉलेजवाले?"

"कलमवाले."

पत्ता मिळाला. हे घरी पोचले तर ओसरीवर आधीच दोघं बसलेले. एक कुठल्याशा टुर्नामेंटचा आयोजक, कबड्डीवाल्या रामटेकेंसाठी आलेला. दुसरी बॉटनीच्या प्रॅक्टिकलचं जर्नल घेऊन आलेली विद्यार्थिनी. वहिनी सुपात लाखोळीची डाळ पाखडत होत्या. नाकाडोंगरीकरांनी विचारलं, "कलमवाले रामटेके हाय का घरी?"

वहिनींनी वर न पाहता सांगितलं, "तिघंही बाहेर गेले जी. एकाच मोटरसायकलवर!"

*

पीएचडीच्या तोंडी परीक्षेला बाहेरून एक कडक परीक्षक आले होते. सरांचा विषय आंब्याच्या कलमांचा. परीक्षकांनी प्रबंध चाळला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "काम उत्तम आहे. पण शेवटच्या प्रकरणाला इतका उशीर का झाला? मधली काही वर्षं तुम्ही केलंत तरी काय?"

सर म्हणाले, "वाट पाहिली, सर."

"कशाची?"

"झाड फळावर यायची. त्याला सबमिशनची तारीख माहीत नव्हती!"

परीक्षक हसले, सही केली आणि जाताना दोन कलमं डिकीत घालून घेऊन गेले. गंमत अशी की आमच्यातले काही जण दुसऱ्याच्या झाडांचे फोटो लावून सरांच्या केव्हाच आधी डॉक्टर झाले होते. त्यांची नावं मी सांगत नाही, रोज त्यांच्याच शेजारी बसून डबा खायचा असतो.

*

सरांच्या फर्स्ट-एड बॉक्समध्ये कापूस, आयोडीन यांच्या जोडीला कलम बांधायची प्लॅस्टिकची पट्टी कायम असते. एकदा प्रॅक्टिसमध्ये एका मुलीचा घोटा मुरगळला. सरांनी ओला रुमाल ठेवला, वरून ती पट्टी गुंडाळली आणि तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाहिलं. कुठे सुरकुती नाही, कुठे ढिली नाही.

"कोणी बांधलं हे?"

"आमच्या बॉटनीच्या सरांनी."

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मग मी काही सोडत नाही. फुटवा केव्हा येईल म्हणाले ते?"

*

आमच्याकडे धानाची रोवणी सुरू झाली की कॉलेजचं ग्राउंड ओस पडतं. मुली सकाळपासून बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, वाकलेल्या. कोणी स्वतःच्या, कोणी दुसऱ्याच्या. दुसरा कोच असता तर नोटीस काढून मोकळा झाला असता. सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि प्रॅक्टिस बांधीतच नेली! त्या दिवसाची रोवणी आटोपली की अजून न रोवलेल्या चिखलात चढाया आणि पकडी. शेताच्या धुऱ्यावर गाव जमायचं. एक म्हातारी रोज ओरडायची, "खेळा व पोरींनो, पण माहे परे तुडवू नोका!" तिची ती धानाची रोपं खरंच कोणी तुडवली नाहीत.

चिखलातून पाय उपसून काढता काढता मुलींच्या पायांत अशी ताकद आली की आम्ही सगळे नागपूरच्या टुर्नामेंटची स्वप्नं बघायला लागलो. नागपूरला सामना मॅटवर होता. आमच्या मुली मॅटवर उतरल्या आणि सवयीने प्रत्येक पाऊल गुडघा छातीपर्यंत उचलून टाकायला लागल्या! समोरच्या टीमला वाटलं हा काही नवा डाव आहे, त्या दोन मिनिटं घाबरून मागेच उभ्या राहिल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. पुढे काय झालं ते विचारू नका.

सरांनी टाइमआउट घेतला, मुलींना गोळा केलं, कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाले, "चुकी माही आहे. पोरींनो, चिखल संपला!"

कॉलेजने मॅट घ्यायला नकार दिला. त्या वर्षीपासून आमची टीम मंडपवाल्याच्या जुन्या सतरंज्या एकावर एक अंथरून प्रॅक्टिस करते. लग्नसराईत मात्र सुट्टी!

*

आता पौर्णिमाची गोष्ट. ही पवनीजवळच्याच एका खेड्यातली, बीएस्सी फर्स्ट इयरची. अंगाने काडी, पण पकड अशी की एकदा पाय हातात आला की सुटला नाही. तिला पहिल्यांदा खेळताना पाहिलं तेव्हा आमचे प्राचार्यसुद्धा खुर्चीवरून उठले. फायलींसाठीही ते कधी उठत नाहीत.

पण सरांचा एक नियम होता. फर्स्ट इयरच्या मुलीला मॅच नाही. वर्षभर फक्त प्रॅक्टिस. हा नियम ते नर्सरीतून घेऊन आलेले. नव्या कलमाला पहिल्या वर्षी मोहोर आला तर ते सरळ खुडून टाकतात. गिऱ्हाईक हळहळतं, पण सर ऐकत नाहीत. "मोहोर ठेवला तं फळ येते हो. पण मंग झाड बसते, वाढत नाही."

इकडे पौर्णिमाच्या वडिलांचाही नियम होता. देवाजी भाऊ, धानाचे शेतकरी, बोलायला तिखट. त्यांनी ॲडमिशनच्या दिवशीच सांगितलं होतं, "एक साल पाहतो. खेळात काही निंगलं तं ठीक, नाही तं घरी. मंग कॉलेज गिलेज काही नाही." मुलगी रोज पहाटे सायकलने येते, लोक बोलतात, हे त्यांचं दुखणं.

म्हणजे बघा. बापाने एकच वर्ष दिलेलं, आणि त्याच वर्षी सर तिला खेळवायला तयार नाहीत! प्राचार्य म्हणाले, "सर, एकदा नियम मोडा." वहिनी म्हणाल्या. मीही म्हणालो, आणि चांगला आवाज चढवून म्हणालो, कारण मला खरोखर राग आला होता. मुलगी म्हणजे काय कलम आहे?

सर इतकंच म्हणाले, "सर, माहा गुडघा काहून गेला माहीत आहे का तुम्हाले? पहिल्याच साली सगळ्या मॅचा खेळलो. लोकं टाळ्या वाजवत होते."

  पण पौर्णिमाचं काय होणार, हा प्रश्न तिथेच होता.

*

त्या वर्षीचा शेवटचा सामना साकोलीला होता, त्याला देवाजी भाऊ स्वतः आले. धुतलेला सदरा, खांद्यावर दुपट्टा, पहिल्या रांगेत. पौर्णिमा बाजूला बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळत होती. आपली टीम मागे पडली. शेवटची काही मिनिटं उरली. सगळे सरांकडे बघतायत, प्राचार्य लांबून हातवारे करतायत. सरांनी बेंचकडे पाहिलंसुद्धा नाही. आपण हरलो, अगदी थोडक्यात.

देवाजी भाऊ उठले, सरांसमोर आले. "पाणी पाजाले आमच्या घरीही बैल आहेत, मास्तर," ते म्हणाले. "उद्यापासून नाही येणार थे पोरगी."

आणि खरंच आली नाही. तिची सायकल स्टँडवर दिसेना तेव्हा टीममधल्या मुलींची तोंडं उतरली. सर मात्र शिकवत होते, कलमं बांधत होते. शेवटी एका दुपारी त्यांनी मोटरसायकल काढली आणि मला म्हणाले, "चला सर, बसा मांगं. तुम्हालेही भांडाचं होतं नं?"

*

देवाजी भाऊंच्या घरी धानाची मळणी आटोपली होती. घरामागचं खळं शेणाने सारवलेलं, स्वच्छ, रिकामं, कडेला तणसाचा ढीग. भाऊंनी खाट टाकली, पाणी दिलं. पाहुण्याला पाणी देण्यात कसूर नाही, पण चेहरा घट्ट. पौर्णिमा दारात उभी, तिच्या मागे तिची आई.

"नियम तुमचा होता, मास्तर," भाऊ म्हणाले. "मी माहा पाळून राहिलो."

सर म्हणाले, "बरोबर आहे. पण तिनं इतके महिने काय शिकलं, ते तं पाहून घ्या."

"मी पाहणार? म्या मंडईच्या जत्रेत कबड्डी खेळलो जी, रातभर! या देवाजीचा दम कोणी तोडला नाही आजपावतर. पकडणारे पकडत होते, पण रेष गाठेपर्यंत 'कबड्डी, कबड्डी' बंद नाही पडली. इचारा गावात!"

सर खाटेवरून उठले. खळ्याच्या मधोमध टाचेने एक रेघ ओढली. "मंग एकच चढाई मारा. पोरीनं धरलं तं उद्यापासून कॉलेज. तुम्ही रेष गाठली तं मी पुन्हा या दारी येणार नाही."

"बाकीच्या सहा पोरी?"

"बाकीच्या नाही. एकटी."

भाऊ हसले. मला वाटतं, आम्ही आल्यापासून पहिल्यांदाच. त्यांनी दुपट्टा काढून खाटेवर ठेवला, धोतर खोचलं. आई दारातून म्हणाली, "अवो, काय करून राहिले! कंबर मोडन!" पौर्णिमा सरांकडे बघत होती. सरांनी मान हलवली. तिने ओढणी कमरेला बांधली आणि रेघेपलीकडे जाऊन वाकून उभी राहिली.  

"कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." भाऊंनी सूर लावला आणि रेघ ओलांडली. काय सांगू! मळणीने थकलेला हा माणूस पाहता पाहता पंचविशीत गेला. डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले, पौर्णिमाला कोपऱ्यात नेलं, पाठीवर थाप मारली आणि गर्रकन वळले. आता दोनच ढांगा. इतक्यात पौर्णिमाने मागून जमिनीला समांतर झेप घेतली. भाऊंचा घोटा तिच्या दोन्ही हातांत!

भाऊ धाडकन आडवे झाले. पण दम चालूच. "कबड्डी, कबड्डी..." कोपरांवर सरकत निघाले. पौर्णिमा पायाला लोंबकळून सोबत फरफटत. सारवलेल्या खळ्यावर एक लांब ओरखडा उमटत गेला. भाऊंचा हात पुढे ताणलेला, रेघ जेमतेम वीतभर लांब. त्यांचं कोपर सोलवटलं होतं, रक्त दिसत होतं.

ते पौर्णिमाने पाहिलं. तिचा चेहरा कसनुसा झाला, आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, तिची बोटं घोट्यावरून सुटायला लागली. सरांनाही दिसलं. त्यांनी खिशातली शिट्टी काढून ओठांत धरली. भाऊंचा पाय मोकळा होत होता. नुसता हात लांबवायचा होता.

आणि 'कबड्डी, कबड्डी' थांबली.

भाऊंनी मान मागे वळवली आणि खळं दणाणेल असे ओरडले, "सोडू नोको माय! धर!"

सरांनी शिट्टी फुंकली.

"दम सुटला, देवाजी भाऊ. बाद!"