हौसामावशींना विचारलेला प्रश्न

“सुई माझ्यासमोर फोडा.”

हौसामावशी आमच्या लॅबच्या खुर्चीत बसल्या की पहिलं वाक्य हे. जयभीम, पाणी, लेकीची खुशाली सगळं नंतर. मी पाकीट त्यांच्या डोळ्यांपुढे फाडायचो, त्या मान लांब करून बघायच्या आणि मगच हात पुढे करायच्या. बाकीची माणसं सुई टोचताना तोंड फिरवतात. या बाई नळी भरेपर्यंत टक लावून बघत बसायच्या. त्यांच्या लहानपणी वस्तीवर एक डॉक्टर यायचा आणि एकच सुई कपड्याला पुसून सगळ्यांना टोचत जायचा, म्हणे. “आंग आपलं हाय, भाऊ. सरकारी वस्तू न्हाई, कुनीबी यावं नि वापरावी.”

भोरच्या बाजारपेठेत मी तीस वर्षं लोकांचं रक्त तपासतोय. मी डॉक्टर नाही, पण आसपासच्या गावची माणसं कुठकुठले रिपोर्ट घेऊन माझ्याकडे येतात आणि “जरा वाचून सांगा” म्हणतात. मीही चष्मा नाकावर घेऊन सांगतो. फुकटचा मान कुणाला नको असतो?

मावशी वेल्ह्याकडच्या एका लहान गावच्या. लेक सुनंदा भोरजवळच्या उत्रोलीला दिलेली. साखर तपासायची असली की आदल्या दिवशी त्या लेकीकडे मुक्कामाला यायच्या आणि सकाळी उपाशीपोटी माझ्याकडे. गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. अंगानं भारी, आवाजानं त्याहून भारी. साखर कायम चढलेली. मी रागावलो की म्हणायच्या, “शिजवनारनीनं चव बघायची न्हाई, तर काय मास्तरनं बघायची?”

त्यांचा नवरा दारूनं गेला, त्याला वीस वर्षं झाली. पोट पाण्यानं फुगलेलं, डोळे पिवळेजर्द, शेवटी यकृतात गाठ निघाली. त्याचं रक्तही मीच तपासलं होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या आणि हवं ते खाऊ घाला. महिन्याच्या आत आटोपलं. तेव्हा हा आजार असाच असायचा. पिणाऱ्याला व्हायचा, नाहीतर जुनी कावीळ अंगात मुरलेल्याला, आणि झाला की घरी न्यायचं. माझ्या डोक्यात तो धडा तिथंच पक्का झाला.

मावशींनी मात्र नवरा गेल्यावर गावातलं दारूचं दुकान बंद पाडायचं मनावर घेतलं. दुकान बंद व्हायला गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी मतदान करून ‘आडवी बाटली’ निवडावी लागते. म्हाताऱ्यांना चिठ्ठीवरचं चित्र कळेना, तेव्हा मावशींनी तेलाची रिकामी बाटली घेऊन घरोघर शिकवणी चालवली. ही उभी, ही आडवी, शिक्का हितं मारायचा. एका आजीनं विचारलं, “आडवी केल्यावं सांडंल की गं?” मावशी म्हणाल्या, “सांडू द्या. त्याच्यासाठीच तर आडवी करायची!” मतदानाच्या दिवशी अंथरुणाला खिळलेल्या दोघींना त्यांनी टेम्पोत घालून आणलं. दुकान बंद झालं. हे सांगताना त्या अजून हसायच्या, पण दुकानदाराला कधी शिवी देत नसत. “त्यालाबी लेकरं हायती,” एवढंच म्हणायच्या.

आता माझ्याकडे वळतो. टाळून चालणार नाही.

एकदा गावात तपासणी शिबिर झालं. तिथल्या सोनोग्राफीचा कागद घेऊन मावशी आल्या. यकृतात लहानशी गाठ दिसत होती आणि पुण्याला जाऊन पुढची तपासणी करा, असं लिहिलं होतं. बाकावर तीन-चार माणसं बसलेली, त्यात एकजण मावशींच्याच गावचा. मी कागद वाचला, चष्मा काढला आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं, “मावशी, आता खरं सांगा. नवऱ्याबरोबर कधीमधी घेत होता का?”

मावशी म्हणाल्या, “भाऊ, तुमी इचारताय व्हय?”

मी तिथं तरी थांबावं की नाही! पण जीभ सुटली होती. “लिव्हर उगाच बिघडत नाही हो. आणि पुण्याला जाऊनही ह्यात फारसं काही होत नाही.”

मावशींनी कागदाची घडी केली, पिशवीत ठेवली आणि चपला घालून निघून गेल्या.

मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय असती तर किती बरं झालं असतं. पण त्याच आठवड्यात आमच्या आळीतले बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब आले होते. त्यांचंही यकृत चरबीनं सुजलेलं. त्यांना मी खुर्ची दिली, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणालो, “साहेब, साखर सांभाळा, पोट कमी करा. हल्ली न पिणाऱ्यांनाही यामुळं यकृताचा त्रास होतो, पुढं गाठीही होतात.” म्हणजे ठाऊक सगळं होतं. मावशींची साखर तर मीच वर्षानुवर्षं तपासत होतो. पण साहेबांना साखर विचारली आणि वस्तीवरच्या बाईला दारू. हे लिहितानाही कान तापतात.

बाकावरच्या माणसानं आपलं काम चोख केलं. बाटली आडवी करणारीचंच लिव्हर गेलं, लॅबवाल्यानंच सांगितलं, अशी बातमी मावशींच्या आधी गावात पोचली. दुकान पुन्हा उघडावं म्हणून अर्ज फिरू लागला. कालपर्यंत मागे उभ्या राहणाऱ्या बायका कुजबुजू लागल्या. सुनंदा पुण्याला चल म्हणून हातापाया पडत होती. मावशींचं उत्तर ठरलेलं. “आत्ता गेले तर म्हनतील, बघा, खरंच हाय. आदी अर्ज पडू दे. नि तसंबी भाऊ म्हनलेत, तितं काय हुत न्हाई.”

त्या गावातच राहिल्या, दारोदार फिरल्या आणि अर्ज पाडला. त्यात आठ महिने गेले.

मग सुनंदानं त्यांना पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की जुनी कावीळ नाही, दारू नाही. वर्षानुवर्षांची साखर आणि यकृतावरची चरबी. गाठ लहान असताना आल्या असत्या तर सुईनं जाळून टाकता आली असती, नाहीतर कापून काढली असती, असंही म्हणाले. आता ती यकृताच्या मोठ्या शिरेपर्यंत पोचली होती. तरी त्यांनी घरी न्या म्हटलं नाही. सलाईनमधून औषधं दिली, गोळ्या दिल्या. मी मनात तीन महिने धरले होते. मावशी दीड वर्ष जगल्या, आणि त्यातलं वर्षभर खिचडी शिजवत होत्या.

त्या दीड वर्षात रक्त द्यायला त्या माझ्याकडेच येत. भोरमध्ये दुसऱ्या लॅब काय कमी आहेत? दर वेळी मी ठरवायचो, आज बोलायचं. दर वेळी त्या “सुई फोडा” म्हणायच्या आणि मी सुई फोडायचो.

एका सकाळी त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला, खाली पुण्याच्या डॉक्टरांची सही-शिक्का. “मी म्हनलं त्यास्नी, मराठीत लिवून द्या. वाचा, भाऊ.”

मी वाचू लागलो. त्या म्हणाल्या, “जरा मोठ्यानं. त्या दिशी इचारलं तसं.”

मी मोठ्यानं वाचलं. “रुग्णाने कधीही मद्यपान केलेले नाही. आजाराचे कारण दीर्घकाळचा मधुमेह.” बाकावर एक शाळकरी मुलगी आणि तिची आई होती. त्या बिचाऱ्यांना काय कळणार? मावशींनी कागद परत घेतला, पदरानं पुसला आणि म्हणाल्या, “झालं.” तेवढी जागा त्यांनी मला करून दिली होती. माफ करा म्हणायला किती वेळ लागतो? मी नळीवर त्यांचं नाव लिहीत बसलो.

मावशी गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी त्यांच्या गावी गेलो. मला दोन शब्द बोलायला लावलं. मी मतदानाचं सांगितलं, टेम्पोचं सांगितलं, तेलाच्या बाटलीचं सांगून लोकांना हसवलंही. टाळ्या पडल्या.

परतीच्या एसटीत शेजारी त्याच गावच्या एक बाई बसल्या. वेल्हे मागे पडल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “दादा, तुमी लॅबवालं न्हवं? एक इचारू? मावशी खरंच घेत व्हत्या का वो?”

“नाही,” मी म्हणालो. “कधीच नाही.”

“मग असं कोन म्हनलं व्हतं?”

“लोक हो,” मी म्हणालो. “लोकांचं काय, काहीही बोलतात.”