शिलाईवाली बाई, एक

विद्यापीठाच्या देणगी विभागात तिला सगळे मुंगी म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. चणीनं लहान, चालणं भरभर, आणि एकदा एका वाटेला लागली की मध्ये कोणी पाय ठेवो नाहीतर पाटी आडवी घालो, वळसा मारून पुन्हा त्याच वाटेवर. मोठ्या देणग्या मागणं हे तिचं काम. लहान देणग्या टपालानं येत आणि त्यांना छापील आभारपत्र जाई. पण एखादी इमारत उभी राहील एवढी देणगी हवी असली, तर माणसाच्या घरी जावं लागतं, आणि जायची ती मुंगी. बावीस वर्षं ती हेच करत आली होती.

तिची रीत ठरलेली होती. तीनदा चहा आणि मग एकदा मागणं. पहिल्या चहाला नुसतं ऐकायचं. दुसऱ्याला विद्यापीठाविषयी बोलायचं, पैशाचं नाव काढायचं नाही. तिसऱ्याला त्या माणसाला आपल्याकडे आणायचं आणि जे वाचवायचं आहे ते डोळ्यांनी दाखवायचं. मागायची वेळ आली की ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही. आकडा स्वच्छ उच्चारायचा आणि तोंडाला कुलूप घालायचं. आकडा सांगून झाल्यावर जो आधी बोलतो तो हरतो, असं तिच्या जुन्या साहेबांनी तिला शिकवलं होतं. मागणारा बोलला की घाबरून स्वतःच आकडा खाली आणतो, म्हणून. एका गिरणीमालकापुढे मुंगी सव्वाचार मिनिटं गप्प बसली होती आणि ही कथा विभागात नव्या माणसांना मीठमसाला लावून सांगितली जाई.

घरी मात्र या पराक्रमाचं कौतुक शून्य. तिची आई ऐंशीची होती. पन्नास वर्षं लोकांचे कपडे शिवून तिनं मुलीला शिकवलं होतं, आणि मुलीनं शिकून काय केलं, तर मागण्याचा धंदा. "आपल्या घरात कोणी कधी हात पसरला नाही," ती म्हणे, "आणि तू तर त्याचा पगार घेतेस!" शेजारीपाजाऱ्यांनी विचारलं तर ती 'विद्यापीठात असते' एवढंच सांगे. शिकवते का, असं कोणी पुढे विचारलं, की आईला नेमकं त्याच वेळी कमी ऐकू येई.

त्या वर्षी मुंगीच्या गळ्यात वाळकी खोली पडली. वनस्पतीशास्त्राच्या इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर ही खोली होती. तिथल्या पोलादी कपाटांत चाळीस हजार जाड कागद होते आणि प्रत्येक कागदावर एकेक वाळवलेलं झाड, मुळापासून फुलापर्यंत, दोऱ्यानं शिवून बसवलेलं. छत गळत होतं. तीन कपाटांना बुरशी लागली होती. वर्षअखेरपर्यंत नव्या खोलीचे पैसे उभे राहिले नाहीत, तर हा सारा संग्रह फोडून जो मागेल त्याला वाटून टाकायचा, असा ठराव झाला होता. खोली सांभाळणारे गृहस्थ अडतीस वर्षं तिथं होते. मुलं त्यांना पाचोळाकाका म्हणत. ठरावाची प्रत त्यांनी मुंगीच्या हातात दिली आणि म्हणाले, "ताई, घरातली भावंडं वाटायला निघालेत हो." बस, एवढंच. मुंगीला त्या रात्रीचं जेवण गेलं नाही.

तिनं शोधून काढले ते रंगाचे कारखानदार. त्यांना आपण रंगवाले म्हणू, कारण मुंगीही त्यांना मनात तेच म्हणे. सत्तरी ओलांडलेले, कमी बोलणारे, आणि हात आखडता म्हणून प्रसिद्ध. दोन चहा झाले. तिसऱ्यासाठी ते खोली बघायला येणार असं ठरलं, आणि पाचोळाकाका घाईघाईनं मुंगीकडे आले. चांगल्यातल्या चांगल्या दहा-बारा कागदांचे दोरे तुटले होते. काकांच्या हाताला कंप, सुईत दोरा ओवता ओवता त्यांच्या नाकी नऊ आले होते.

मुंगीनं आईला नेलं. आई कुरकुरत आली, खिडकीजवळ बसली, चष्मा पुसला, आणि पहिला कागद हातात घेतल्यावर झाड बघायच्या आधी तिनं तो उलटा केला.

"अगं आई, झाड पुढं आहे."

"काम पाठीमागून बघायचं असतं," आई म्हणाली. मग तिनं दुसरा कागद उलटा केला, तिसरा केला. चौथा तिनं उजेडात धरून एकेक टाका निरखला.

"बाई होती," आई म्हणाली. "डावखुरी. हे सगळं एकीचंच आहे."

"कशावरून?"

"टाका बघ कुठं कलतोय. उजव्या हाताचा असा कलत नाही. आणि ही गाठ बघ. पानाच्या जाड शिरेमागे लपवलीय, म्हणजे खालचा कागद घासून फाटणार नाही. असं कोणी सांगून करत नाही गं. इथं पानाला किडीनं भोक पाडलंय, तर टाका त्याला वळसा घालून गेलाय." आईनं कागदावरून बोट फिरवलं, पण टेकवलं नाही. "माझ्यापेक्षा चांगलं शिवायची."

आईच्या तोंडून हे वाक्य मुंगीनं जन्मात ऐकलं नव्हतं. गावातल्या यच्चयावत शिंप्यांना आई 'भोकं पाडणारे' म्हणत असे.

मग पाचोळाकाकांना झोप कुठची! त्यांनी कपाटं उघडून एकेक कागद उलटायला घेतला. रंगवाले परदेशी गेल्यानं त्यांची भेट लांबली, तोवर काकांनी नऊ आठवडे तेच केलं. डाव्या कलाचे, शिरेमागे गाठ लपवलेले कागद निघाले अकरा हजार दोनशे. अडतीस वर्षं ते या कागदांच्या पुढच्या बाजूकडे बघत आले होते. "मी आंधळाच होतो, ताई," ते म्हणाले, आणि चष्मा काढून उगाच पुसत राहिले.

रंगवाले आले. मुंगीनं त्यांच्यापुढे एक कागद ठेवला, त्यावरचं फूल ऐंशी वर्षांनीही निळं होतं. ते निळ्याकडे वाकून बघत राहिले. तिनं आकडा सांगितला. सात शून्यांचा आकडा. आणि कुलूप घातलं.

एक मिनिट गेलं. दोन गेली. रंगवाले बोलेनात. गप्प बसण्यात हा माणूस आपला बाप आहे हे मुंगीच्या ध्यानात आलं. तिची नजर त्या फुलाच्या देठावर गेली, देठाला धरून ठेवणाऱ्या तीन बारीक टाक्यांवर गेली, आणि तिच्या डोळ्यांपुढे अकरा हजार देठ उभे राहिले. कोणीतरी एक बाई. रोज सकाळी येऊन बसणारी. मोडेल असं पान न मोडता शिवणारी, आणि कोणी बघणार नाही त्या बाजूला गाठ लपवणारी. मुंगीच्या तोंडाचं बावीस वर्षांचं कुलूप आपोआप उघडलं.

"साहेब, हे उलटं करून बघता का?"

पाचोळाकाकांनी कपाळाला हात लावला. पण रंगवाल्यांनी कागद उलटा केला, आणि मुंगी आकडा विसरून आईनं दाखवलेलं सगळं दाखवत सुटली. तिचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "नाव काय या बाईचं?"

"माहीत नाही."

"या चिठ्ठीवर कोणाचं आहे मग?"

कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर झाड गोळा करणाऱ्याचं नाव होतं, ओळखणाऱ्याचं होतं, वर्ष होतं. शिवणारीचं नव्हतं.

"शोधा," रंगवाले म्हणाले. "खोली मी बांधून देतो. दारावर तिचं नाव लावा, माझं नको. पण नाव मिळालं तरच."

मुंगीनं आनंदानं होकार दिला, आणि तिथंच तिची चूक झाली. देणगी मागणाऱ्यांना नेहमी वाटतं की नाव ही जगातली सगळ्यांत सोपी गोष्ट. दारावर लाव, पायरीवर लाव, बाकावर लाव. शंभरेक नावं तिनं स्वतः लावून घेतली होती. नाव मिळतच नाही असं माणूस असू शकतं, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दफ्तरखान्यात ती आणि काका तीन आठवडे धूळ खात होते. शेवटी हजेरीपट सापडले. प्राध्यापकांची नावं पदव्यांसकट, वळणदार अक्षरांत. त्याखाली रोजंदारीची माणसं: माळी, चार. झाडणारा, एक. शिलाईवाली बाई, एक. पुढच्या महिन्यात पुन्हा, शिलाईवाली बाई, एक. नऊ वर्षं आणि चार महिने, दर महिन्याला. मग एका महिन्यात माळी चार, झाडणारा एक, आणि पुढची ओळच नाही. मुंगी त्या कोऱ्या जागेकडे बघत बसली. एवढं मोठं काम, आणि जाताना दार वाजल्याचाही आवाज नाही.

कुलसचिवांना तिनं हे सांगितलं तेव्हा त्यांनी चुटकीसरशी तोड काढली. "मॅडम, घाला की एखादं नाव. ऐंशी वर्षांपूर्वीच्या बाईला कोण ओळखतंय? चांगल्या कामासाठीच आहे ना?"

गरजवंताला अक्कल नसते. वर्षअखेरीला पाच आठवडे उरले होते. मुंगीनं घरी बसून कागदावर एक नाव लिहूनसुद्धा पाहिलं. छान दिसत होतं, जुन्या वळणाचं, खरं वाटणारं. आई मागून डोकावली. "हे कोणाचं गं?"

मुंगीनं सांगितलं. आईनं चष्मा काढला.

"बये, त्यांनी तिचं नाव लिहिलं नाही, ते विसरले. तू दुसरीचं लिहिलंस तर तू तिला पुसलंस. माझ्या शिलाईवर कोणी दुसरीचं नाव घातलं असतं ना, तर मी कात्री घेऊन गेले असते."

मुंगीनं कागद फाडला. दुसऱ्या दिवशी ती रंगवाल्यांच्या कचेरीत गेली. भिंतभर रंगांच्या पट्ट्या लावलेल्या होत्या. तिनं हजेरीपटाची प्रत टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "नाव मिळालं नाही, साहेब. आता मिळणारही नाही." पाचोळाकाकांना काय तोंड दाखवायचं, याचाच ती विचार करत होती.

रंगवाल्यांनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

"आमचा पहिला रंग खपला तो निळा," ते सावकाश म्हणाले. "मला तो जमत नव्हता. भडक यायचा. पिंपात काठी घालून ढवळायला एक मुलगी होती. ती म्हणाली, चिमूटभर काळा घाला, मग तो शांत होईल. घातला. बाई, हा सगळा कारखाना त्या चिमटीवर उभा आहे. चार वर्षं होती माझ्याकडे. तुमच्या खोलीतून आल्यापासून मी तिचं नाव आठवतोय, आठवत नाही. जुनी वही काढली. तिच्यात लिहिलंय, ढवळणारी. अक्षर माझंच आहे."

मुंगीनं आजवर श्रीमंत माणसं पुष्कळ पाहिली होती. रडणारी पाहिली होती, फुशारकी मारणारी पाहिली होती. पण आपल्याच अक्षरापुढे मान खाली घालून बसलेला माणूस ती पहिल्यांदा पाहत होती. तिला त्याची कीव आली नाही. उलट, कुठल्याशा मोठ्या जागी येऊन आपण दाराशी उभे आहोत असं वाटलं.

"वाटलं होतं, निदान तुमची तरी सापडेल," ते म्हणाले. मग त्यांनी डोळे पुसले आणि एकदम धंद्याच्या आवाजात म्हणाले, "आकडा तोच ना? का गप्पा मारता मारता वाढवलात?"

खोली झाली. दारावर कोणाचंच नाव नाही. रंगवाल्यांनी अट बदलून घातली होती: यापुढे शिवल्या जाणाऱ्या प्रत्येक कागदाच्या चिठ्ठीवर एक ओळ जास्त छापायची, शिलाई, आणि ती कोरी ठेवायची नाही.

नव्या खोलीतला पहिला कागद शिवायला पाचोळाकाकांनी मुंगीच्या आईला बोलावलं. हट्टानं बोलावलं. नदीकाठचं कुठलंसं बारीक गवत होतं. आईनं दीड तास घेतला, गाठी मागे लपवल्या, आणि सुई ठेवली. काकांनी चिठ्ठी पुढे सरकवली.

"इथं काय लिहायचं?"

"नाव," मुंगी म्हणाली.

"कोणाचं?"

"तुझं, आई."

आई चिठ्ठीकडे बघत राहिली. पन्नास वर्षांत तिनं हजारो कपडे शिवले होते. लोक ते घालून लग्नांना उभे राहिले, फोटोंत हसले. कोणत्याच कपड्यावर तिनं कधी काही लिहिलं नव्हतं आणि कोणी लिहायला सांगितलंही नव्हतं. काकांनी पुढे केलेली पेन्सिल तिनं बाजूला सारली आणि मुंगीच्या हातातलं शाईचं पेन घेतलं. मग शाळेतल्या मुलीसारखी जीभ दातांत धरून तिनं एकेक अक्षर काढलं, सगळं नाव, आडनावासकट.

मुंगीला ते वाचायचं होतं, पण डोळे भरून आल्यानं अक्षरं दिसेनात. तिनं हात पुढे केला.

"हात लावू नकोस," आई म्हणाली. "वाळू दे आधी."