सूर्याच्या पंपाला शेकोटी

२०१८ साल होतं आणि मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीतच सुटली, पण वरूडकडच्या आमच्या शिवारात संत्र्याच्या झाडाचं काय दुखतं हे मला दुसऱ्यानं शिकवावं, अशी वेळ कधी आली नाही. हे मी आजही तोंड वर करून सांगतो.

जानेवारीची थंडी होती. ताण तोडायचे दिवस आले होते. म्हणजे असं, की बहर धरायचा तर आधी संत्र्याचं पाणी बंद करतात. झाड तहानतं, पानं मलूल होतात. मग नेमक्या वेळी पाणी सोडलं की सारं झाड फुलावर येतं. ती वेळ हुकली की फूल नाही, आणि फूल नाही तर वर्ष गेलं. माझ्या झाडांची पानं गळायला लागली होती. आता थांबून चालणार नव्हतं.

विहिरीवर माझं डिझेलचं इंजिन होतं. त्याला माझ्याशिवाय कोणी हँडल मारलेलं मला खपत नसे. पण डिझेलचा भाव चढतच होता. इंजिन दुरुस्त करणारा मुसलमान मिस्त्री माझ्याच वयाचा, त्याचा भाचा कुवेतला तेलाच्या कामावर. एकदा पाना पुसता पुसता मिस्त्री म्हणाला, "भाऊ, तिकडचे तेलवाले देश मिळून ठरवतात, का आता कमी काढू. आपण झाडाले ताण देतो ना, तसा ते दुनियेले देऊन राहिले."

समुद्रापलीकडे कोणी आपली तेलाची विहीर आवळतो आणि इथं माझी विहीर भरलेली असून माझं झाड तहानेलं राहतं. एवढ्या लांबचा हात माझ्या बगीच्यात होता, आणि मला पत्ता नव्हता.

सुनेनं मात्र ते ऐकलं आणि हट्टानं सौरपंप आणवला. "मामाजी, डिझल त्यायचं हाय. सूर्य कोणाच्या बापाचा नाही."

"उनानं पाणी आटते, पोरी. वर चढत नाही," मी म्हणालो.

बसवणारे प्लेटा लावून संध्याकाळी गेले. सकाळी दिवस निघताच मी बटन दाबलं. पाणी आलं करंगळीएवढं. मला वाटलं, याला थंडी वाजून राहिली. कडाक्याच्या थंडीत आम्ही झाडांना ऊब म्हणून बगीच्यात धूर करतो. तसाच तुरीच्या वाळक्या तुऱ्हाट्या आणि ओला पाला पेटवून प्लेटांच्या खाली आणि उगवतीकडे मी चांगला धूर केला. करंगळीही बंद झाली.

सुनेचा पंप हरला म्हणून मी खूश. इंजिनाकडे गेलो, तर तेही सुरू होईना. मिस्त्रीला बोलावणं धाडलं. तो आला आणि आधी धुराकडेच पाहत राहिला.

"भाऊ, हे काय भाजून राहिले?"

"सुनेच्या सूर्याले शेकून राहिलो."

तो खोकेपर्यंत हसला. "याले आग नाही लागत. उजेड लागते. तुमी त्याचे डोळे झाकले. भाचा सांगते, तिकडं तेलाच्या देशात बी वाळवंटात आता याच प्लेटा लावून राहिले."

"तेल असून?"

"तेल असून."

सुनेनं विस्तव विझवला, ओल्या फडक्यानं प्लेटा पुसल्या. ऊन वर आलं होतं. पाइपातून पाणी आलं, मनगटाएवढं, मग दंडाएवढं. धडधड नाही, वास नाही. आयुष्यभर मी पाणी ओढलं ते काहीतरी जाळून. इथं काहीच जळत नव्हतं आणि मातीच्या दांडातून, त्या छोट्या पाटातून पाणी झाडाच्या बुडाशी चाललं होतं, त्याचा आवाज मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. सूर्य तर जन्मापासून डोक्यावर. त्याच्या अंगात एवढं बळ आहे, हे त्या दिवशी कळलं. माझे हात आपसूक जोडले गेले.

मिस्त्री शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसला. "आता माझं काम संपलं, भाऊ."

"कावून? चाय प्याले कोण येईन मंग?"

दिवस मावळेपर्यंत अर्धाच बगीचा भिजला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी मी फावडं घेऊन गेलो, उरलेल्या ओळींचे दांड मोकळे केले आणि पहिलं ऊन प्लेटांवर पडायची वाट पाहत उभा राहिलो.