अर्ध्यावर अडणारं पेडल

हे लिहावं की नाही, असं बरेच दिवस वाटत होतं. बाबा माझं लिहिलेलं वाचत नाहीत, कदाचित म्हणूनच लिहायचं धाडस होतं आहे.

बाबा डिचोलीच्या खाणींवर खनिजाचा ट्रक चालवायचे. खाणी बंद पडल्या, ट्रक गेला, आणि त्यांनी एक जुनी कार घेऊन भाडी मारायला सुरुवात केली. केरीच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलने त्यांना पाहुण्यांना मोपा विमानतळावर सोडण्या-आणण्याचं काम दिलं. आमचं घर त्याच कामावर चालायचं. मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्याकडे दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच.

गेल्या पावसाळ्यात गाडी चढावर मागे पडू लागली. एकदा मोपाच्या वाटेवर बाबा पुढच्या टेम्पोला ओलांडायला गेले आणि गाडीने वेगच घेतला नाही. समोरून बस आली. ब्रेक मारून ते कसेबसे आपल्या बाजूला आले. मागे बसलेल्या बाईने हॉटेलवर तक्रार केली. मॅनेजर म्हणाला, "काका, शनिवारी मी स्वतः बसून बघतो. गाडी अशीच राहिली तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

त्या संध्याकाळी बाबा माझ्या टेबलाजवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाय, पेडल पुराय खाला वचना गो. अर्ध्यार कितें तरी अडता."

मी त्यांना समजावलं. खरं तर शिकवलं. आताच्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटरला जुन्यासारखी वायर नसते, पेडलला सेन्सर असतो, तो इंजिनला कळवतो. तिथे अडायला काही नसतंच. "तुम्हाला ट्रकच्या पेडलची सवय आहे, बाबा. म्हणून तसं वाटतं."

माझं म्हणणं मान्य करत बाबा म्हणाले, "आसत. तुका कळटा."

मी वहीत कारणं लिहिली. हवेचा फिल्टर, पेट्रोलचा फिल्टर, इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटलमधला काळा थर. वर्गात हीच कारणं याच क्रमाने शिकवली होती. हवेचा फिल्टर मी माझ्या हाताने बदलला, थ्रॉटल साफ केला. पेट्रोलचा फिल्टर बाजारातल्या एका पोराकडून बसवून घेतला. पोरीने गाडी उघडली म्हणून बाबा शेजाऱ्याला बोलावून दाखवत होते, "पळय, चलयेन गाडी उगडल्या!"

"मागीर गॅरेजवाल्यान खंय वचप?" शेजारी गॅरेजवाल्याची काळजी केल्यासारखं म्हणाला, आणि बाबा केवढ्याने हसले.

तीन दिवस मी बॉनेट उघडून उभी होते. ड्रायव्हरच्या बाजूचं दार मी एकदाही उघडलं नाही.

शनिवारी मॅनेजर पुढच्या सीटवर बसला. गाडी चढावर तशीच रखडली. वर पोहोचल्यावर तो एवढंच म्हणाला, "सॉरी काका." सोमवारपासून दुसरी गाडी लागली.

मग आम्ही डिचोलीच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. तो पूर्वी खनिजाचे ट्रक दुरुस्त करायचा. तो ड्रायव्हरच्या जागी बसला, पायाने पेडल दाबलं, मग हाताने दाबलं, वाकला आणि रबरी मॅटखालून घडी घातलेलं ओलं गोणपाट ओढून काढलं.

ट्रकच्या केबिनच्या तळाची फळी दुपारी तापते, म्हणून खाणीवरचे ड्रायव्हर पायाखाली गोणपाट घालत. बाबा चप्पल काढूनच गाडी चालवतात. कारमध्येही त्यांनी ते मॅटखाली घातलं होतं. पावसात भिजून ते फुगलं आणि सरकत सरकत पेडलखाली जाऊन बसलं.

"आरे, हो ट्रक काय रे तुजो?" मेकॅनिक ओरडला. मग मी वाकून बघितलंच नव्हतं हे ओळखून माझ्याकडे वळून म्हणाला, "आनी गो इंजिनियर बाय, कॉलेजीत वाकून पळोवपाक शिकयनात?"

गॅरेजमधली सगळी माणसं हसली.

बाबा शांतपणे म्हणाले, "तिचो दोश ना. पेडल अडता म्हूण हांवें तिका सांगूंकच ना."

मला तेव्हा बोलता आलं असतं. "सांगितलं होतं," एवढंच. मी बोलले नाही. हसणारे गप्प झाले याचंच मला बरं वाटलं, आणि हे लिहितानाही त्याची लाज वाटते.

गाडी आता चढावर नीट धावते. हॉटेलचं काम परत आलं नाही. बाबा बसस्टँडवर भाड्याची वाट पाहत उभे असतात. मागच्या महिन्यात ब्रेक वाजू लागले. मी उठायच्या आधीच ते एकटे गॅरेजमध्ये जाऊन आले, हे मला आईने सांगितलं. रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "कॉलेज कशें चल्लां?"

"बरं चाललंय," मी म्हणाले. ब्रेकबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही, आणि विचारायचं तोंड मला नव्हतं.