अक्काच्या गेमला रजा माहीत नव्हती

अक्का सोमवारी गेली. बुधवारी दुपारी तिच्या फोनवर मेसेज आला.

'कुठे हरवलात? तुमचं शेत वाट बघतंय!'

तो मेसेज मी लिहिलेला होता.

मी पुण्यात एका मोबाईल गेमच्या कंपनीत आहे. लोकांनी गेम रोज उघडावी, एकही दिवस चुकवू नये, हे बघणं माझं काम.

अक्का माझी थोरली बहीण. इस्लामपूरजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत बावीस वर्षं शिकवलं. मग दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार सांगलीला डायलिसिस. चार चार तास. डाव्या हातात दोन सुया, तो हात हलवायचा नाही. कूस बदलायची नाही.

"एकच हात मोकळा हाय. त्यानं काय करू, छताचे पंखे मोजू?" असं म्हणाली, म्हणून मीच तिच्या फोनवर आमची शेतीची गेम टाकून दिली.

मग अक्का सुटलीच. दिसेल ती गेम डाऊनलोड करायची, आठवडाभर खेळायची आणि मला फोन करून झापायची. जणू सगळ्या गेम मीच बनवल्यात.

गोळीबाराच्या गेमबद्दल: "हिला पॉजच न्हाई रं. सिस्टर बीपी बघायला आली, तेवढ्यात मी मेले."

जाहिरातींबद्दल: "बंद करायची फुली मुंगीच्या डोळ्याएवढी. मुद्दाम करताय न्हवं?"

आमच्या गेमबद्दल: "आडसाली ऊस दीड वर्सानं येतोय. तुमच्यात चार मिंटात? तोडायला टोळी बी लागत न्हाई. शेत बघितलंय का कुणी तुमच्यातल्यानं?"

तिला खरी आवडलेली एकच. विटा रचायची, साधी. "पन्नास पातळ्या झाल्या की शाबास म्हणती आन गप बसती. गेम अशी असावी. संपणारी."

पण रोज उघडायची मात्र आमचीच. कारण रोजची हजेरी. एक दिवस चुकला की सलग दिवसांचा आकडा शून्य. ही युक्ती माझ्या टीमची.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी तिच्या फुफ्फुसात पाणी झालं. सहा दिवस आयसीयू. फोन आत नेता येत नव्हता. दाजी फौजेतून रिटायर झालेले, ते दिवसभर बाहेर उभे. मला ऑफिसात त्यांचा फोन आला.

"तुझी अक्का म्हणतीया गेमची हजेरी लाव. कुठलं बटन दाबू?"

"आवं दाजी, राहू द्या की आता ते."

"न्हाई रं. ऑक्सिजन काढला की पयलं तेच इचारतीया."

मी बटन सांगितलं.

दोन दिवस दाजींनी हजेरी लावली. तिसऱ्या दिवशी औषधांच्या धावपळीत राहून गेली. आकडा शून्य झाला.

मी ऑफिसात बसून सिस्टीममधून तो परत जोडला. एकशे एकोणपन्नास. कुणाला कळलं नाही.

घरी आल्यावर दाजींनी चुकलेला दिवस सांगितला, आणि आकडा तर शाबूत. अक्काला कळलं.

"खोटी हजेरी लावलीस?"

"आकडा तुटला हुता, म्हणून," मी म्हणालो.

"बावीस वर्सं हजेरीपट सांभाळलाय मी. पोरगं आजारी पडलं की आमी रजा लावतो. गैरहजर न्हाई आन खोटं हजर बी न्हाई. मी आजारी हुते. तेवढं लिवायला तुमच्या गेममधी जागा न्हाई?"

"न्हाई."

"मग कर."

मी मीटिंगमध्ये मांडलं. आजारी माणसाला रजा, हजेरी तुटणार नाही. आमचा साहेब चांगला माणूस आहे. म्हणाला, "आयडिया छान आहे. पण एकदा रजा दिली की माणूस परत येत नाही. तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. तो ग्राफ मीच काढला होता.

त्यानंतर दर गुरुवारी डायलिसिसवरून अक्काचा फोन. "झालं का रं?"

"चाललंय अक्का."

आठ महिने मी हेच सांगितलं. काहीही चाललेलं नव्हतं.

एकदा मी स्वतः तिला घेऊन गेलो. मशीन सुरू झाल्यावर ती हळूच म्हणाली, "तुला पटत न्हाई तर सोड की नोकरी."

"सोडून कुठं जाऊ? दुसऱ्या कंपनीत बी हेच काम."

तिनं सुया लावलेल्या हाताकडं बघितलं. "व्हय. दुसरीकडं बी हेच असंल."

रागावली असती तर बरं झालं असतं.

काल तेरावं झालं. पाहुणे गेल्यावर दाजींनी तिचा फोन माझ्या हातात दिला. "ही गेम बंद कर. मला जमंना."

त्यांना का जमेना ते मला ठाऊक होतं. खातं बंद करायला सात स्क्रीन पार करायला लागतात. आम्हीच लावलेत. दर स्क्रीनवर विचारतो, खरंच जायचं आहे का. 'हो' बारीक अक्षरात, 'नाही' मोठं आणि हिरवं.

दाजी शेजारी बसून एकेक वाचत होते.

"ही सोडत का न्हाई रं?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं.

मी पुढचा बारीक 'हो' दाबला.

शेवटच्या स्क्रीनवर कारण निवडायचं होतं. वेळ मिळत नाही. गेम आवडली नाही. फोन बदलला. इतर.

"इतर दाब," दाजी म्हणाले. "आन लिही, वारली."

मी लिहिलं.

खाली उत्तर आलं: 'विनंती मिळाली. तीस दिवसांत खातं बंद होईल.'

दाजींनी चष्मा काढून पुसला आणि आत गेले.

उद्या पहाटे पुण्याची गाडी आहे. अकराला मीटिंग. नोकरी तीच. मी जाणार आहे.

अक्का, तुझ्या पाया पडतो. नीट जा.